चार बटणं दाबली, आता सांगायचं कोणाला?

नागपूरच्या प्रताप नगरात कोणी कोणाला राजकारण शिकवायला जाऊ नये. इथल्या कंपाउंडच्या भिंती कमरेएवढ्या. आमच्या शेजारच्या काकू त्या भिंतीवर मुगवड्यांचं ताट उन्हात ठेवता ठेवता महापौरपदाच्या सोडतीपासून ते कोणाच्या सुनेनं कोणत्या पक्षाकडे तिकीट मागितलं इथपर्यंत सगळं सांगून मोकळ्या होतात. माझा मुलगा कॉलेजात गेला, तरी काकूंच्या हिशेबी मी या गल्लीत अजून नवीच. त्यामुळे ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे.

परवा विषय मुख्यमंत्र्यांवर गेला. आमचा भाग दक्षिण-पश्चिम मतदारसंघात, म्हणजे मुख्यमंत्री आमचे आमदारच. त्यामुळे हा विषय आमच्याकडे काढावा लागत नाही, असतोच.

"1992 ला रामनगर वॉर्डातून निवडून आलं तेव्हा पोट्टं होतं ते," काकू म्हणाल्या. "बावीशीचं."

"काकू, मुख्यमंत्री आहेत ते."

"आता आहेत व. तेव्हा नगरसेवकच होते ना? नगरसेवकाला जसं बोलतात तसं मी बोलून राहिली."

यावर काय बोलणार? आमदाराला 'साहेब', मंत्र्याला 'माननीय', आणि नगरसेवक म्हणजे घरातला. त्याच्यावर चिडता येतं, त्याला रात्री फोन लावता येतो, तो समोरून गेला तर "काय भाऊ, निवडणूक झाली वाटतं!" असं ऐकवता येतं. काकूंनी देवेंद्र फडणवीसांना मनात तिथंच ठेवलंय. मुंबईला जाऊन माणूस कितीही मोठा होवो.

मग काकूंनी फडणवीसांची सगळी कुंडली मांडली. वडील गंगाधरराव विधान परिषदेत, त्यांच्या काकू शोभाताई मंत्री राहिलेल्या, म्हणजे राजकारण घरातच. आणीबाणीत वडील तुरुंगात गेले तेव्हा मुलानं इंदिरा कॉन्व्हेंटमध्ये जायला नकार दिला आणि सरस्वती विद्यालयात नाव घातलं. ही गोष्ट नागपुरात इतक्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की शाळेत बाजूच्या बाकावर आपणच बसलो होतो असं निम्म्या शहराला वाटतं. 1992 ला नगरसेवक, 1997 ला पुन्हा नगरसेवक आणि लगेच महापौर, वयाच्या 27 व्या वर्षी. नागपूरला तोवर एवढा तरुण महापौर मिळाला नव्हता. 1999 ला आमदार, 2014 ला मुख्यमंत्री.

"आणि ते होर्डिंग सांग ना तिला," आतून आवाज आला. काका. झोपाळ्यावर पेपर घेऊन बसलेले. पेपर त्यांचा, पण कान आमच्याकडे.

"हो माय, होर्डिंग! आमदार होते तेव्हा कपड्याच्या दुकानाची जाहिरात केली होती. चौकात हे एवढे मोठे फोटो लागले. मी म्हटलं ह्यांना, पहा, आमदार पण चांगले कपडे घालतात. तुम्ही तर बनियनवर भाजी आणता."

वाजपेयींनी पुढं भेटीत त्यांना 'मॉडेल आमदार' म्हणून हाक मारली असंही सांगतात. होर्डिंगचा किस्सा शहरात आजही चालतो. मात्र महापौर असताना त्यांनी केलं काय, असं विचारलं तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना जरा शांतता होते. "मेयर-इन-कौन्सिल होतं बहुतेक," काका म्हणाले. होतंच. महापौराच्या हाती मंत्रिमंडळासारखा कारभार देण्याचा तो प्रयोग मुंबईत आणि नागपुरात थोडे दिवस चालला, मग गुंडाळला गेला. नाहीतर आपल्याकडे महापौर म्हणजे गाडी, गाऊन आणि सभेचं अध्यक्षपद. चाव्या आयुक्तांच्या खिशात. लोकांना महापौराचं काम आठवत नाही यात त्या माणसापेक्षा त्या खुर्चीचा दोष जास्त, असं माझं मत. काकूंना ते पटलं नाही.

"खुर्चीचं काही नाही. इथं कोणाला बसायचंच नसते, तिथून उठून पुढे जायचं असते."

हे मात्र लाखाचं बोलल्या. आणि काकांनी पेपर खाली ठेवला. म्हणजे आता अर्धा तास गेला.

"पहिल्यापासून तसंच आहे," ते म्हणाले. "महापालिका झाली 1951 ला. पहिले महापौर कोण? बॅरिस्टर शेषराव वानखेडे. पुढे मंत्री, विधानसभेचे अध्यक्ष. आता वानखेडे म्हटलं की पोट्ट्यांना काय आठवते? क्रिकेट! मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते, ब्रेबॉर्नवाल्या क्लबाशी तिकिटांवरून वाजलं, तर गड्यानं हाकेच्या अंतरावर स्वतःचं स्टेडियम उभं केलं. 1975 ला तिथं कसोटी झाली पण. नागपूरचा पहिला महापौर, आणि नाव लागलं चर्चगेटजवळ."

"तिकिटावरून भांडण म्हणजे आपलाच माणूस," काकू म्हणाल्या.

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. विकास ठाकरे महापौर होते, आता पश्चिमचे आमदार. अनिल सोले महापौर, मग विधान परिषद. प्रवीण दटके महापौर, आता मध्य नागपूरचे आमदार. संदीप जोशी महापौर, तेही विधान परिषदेवर जाऊन आले. पक्ष कोणताही घ्या, जिना एकच. वॉर्ड, महापालिका, महापौरपद, आणि मग विधानभवनाचं दार. नागपूरला तर ते दारही घरासमोर; डिसेंबरात अधिवेशन भरतं, आमदार कसे चालतात-बोलतात हे नगरसेवकांना फुकट पाहायला मिळतं.

मला यात वाईट काही दिसत नाही. खालून वर गेलेल्या माणसाला निदान गटाराचं चेंबर म्हणजे काय ते माहीत असतं. थेट वरून उतरवलेल्यांना तेही नसतं. पण काकूंचं दुखणं वेगळं. "वर गेला की काम मोठं होते, हो की नाही? मेट्रो, उड्डाणपूल, समृद्धी. आपलं गटार तेवढंच राहते. त्याला कोण पाहील?"

काकूंचं माहेर वर्ध्याचं. त्यांच्या लहानपणी तिथल्या त्यांच्या वॉर्डात एक नगरसेवक होते. सायकलच्या कॅरिअरला कापडी पिशवी, पिशवीत एक मोठा पाना आणि सुतळीचा गुंडा. सकाळी नळ सुटायच्या वेळेस गल्लीतून चक्कर. कुठं व्हॉल्व्ह गळताना दिसला की सायकल भिंतीला लावायची आणि स्वतः वाकून पाना फिरवायचा. काकूंची आई आतून ओरडायची, "भाऊ, चहा टाकला." ते म्हणायचे, "हात खराब आहेत जी, कपात नको, पेल्यात द्या." काकू हे सांगताना हाताची मूठ अशी फिरवून दाखवतात की पाना दिसतोच. ते पुढं आमदार झाले नाहीत, नगराध्यक्षही नाही. तीनदा निवडून आले, चौथ्यांदा पडले, आणि पडल्यावरही सकाळची चक्कर सुरूच होती म्हणे.

"पडल्यावर पण?" मी विचारलं.

"मग? पाना त्यांच्याच मालकीचा होता ना."

असा पाना आता कोणाकडे नाही, आणि असून उपयोगही नाही. महापालिका वॉर्डावर चालत नाही, प्रभागावर चालते. 38 प्रभाग, 151 नगरसेवक. 2011 च्या जनगणनेनं शहर 24 लाखांचं, म्हणजे एका प्रभागाच्या वाट्याला 60 हजारांवर माणसं. तेवढ्यांत बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. मतदानाला गेलं की चार बटणं दाबायची. निवडणुकीत हे चौघं एकाच फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात, सख्ख्या भावंडांसारखे. निकालानंतर विचारावं तर पहिला म्हणतो ती लाइन दुसऱ्याकडे आहे, दुसरा म्हणतो ताईंना सांगा, ताईंचा फोन त्यांचे यजमान उचलतात.

"ते एक बरंय," काका हसून म्हणाले. "एकीला निवडा, दोघं मिळतात."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. "151 मध्ये 76 जागा बायकांच्या आहेत. यजमानांनी फोन उचलला तर मी सांगते, बाईलाच द्या, मत बाईला दिलं." हे त्या खरंच सांगतात. एकदा तर पलीकडून "ताई पूजेला बसल्या आहेत" असं उत्तर आलं, तेव्हा यांनी "मी थांबते" म्हणून आरती संपेपर्यंत फोन कानाला लावून ठेवला होता.

आता काकांची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काका निवृत्त सरकारी नोकर. त्यांचा जीव कडक अधिकाऱ्यावर. 2000 च्या आसपास टी. चंद्रशेखर आयुक्त होते. त्यांनी अतिक्रमणं पाडून रस्ते रुंद केले. काकांच्या स्वतःच्या भावाच्या दुकानाचा ओटा त्यात गेला, तरी काका आजही चंद्रशेखर यांचं नाव घेताना सरळ बसतात. मग जानेवारी 2020 मध्ये तुकाराम मुंढे आले. काकांना तर दिवाळीच. संदीप जोशी महापौर, मुंढे आयुक्त, वरून करोना. दोघांचं पटलं नाही. जूनमध्ये अंतर ठेवून बसता यावं म्हणून महापालिकेची सभा सुरेश भट सभागृहात भरवली, आणि आरोपांच्या भडिमारात मुंढे उठून निघून गेले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. काकांनी भिंतीशी येऊन जाहीर केलं, "नगरसेवक पाहिजेतच कशाला? एक मुंढे पुरे आहे शहराला." ऑगस्टअखेर मुंढ्यांची बदली झाली. सातेक महिन्यांत खेळ संपला. ते निघाले तेव्हा बंगल्याबाहेर लोक जमले, घोषणा झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात जोशी पदवीधर मतदारसंघात काँग्रेसच्या अभिजित वंजारींकडून हरले. ती जागा कधी गंगाधरराव फडणवीसांची, नंतर बरीच वर्षं गडकरींची. काका आजही सांगतात की तो मुंढ्यांचा बदला होता. मला ते पटत नाही. पदवीधरचा मतदार सहा जिल्ह्यांत पसरलेला, त्यातल्या गडचिरोलीच्या मास्तराला मुंढ्यांचं काय पडलं होतं? पण काकांपुढं हे बोलून पाहा.

तर काकांनी मागितलं ते देवानं दिलं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांची प्रकरणं कोर्टात अडकली, निवडणूक लांबली, आणि आयुक्तच प्रशासक झाले. ना नगरसेवक, ना महापौर, ना सभा. 1992 पासून दर पाच वर्षांनी ठरल्यासारखी होणारी निवडणूक 2022 ला झालीच नाही. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं 'निवडणूक घ्या' म्हणून सांगितलं तेव्हा कुठं 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. जवळजवळ चार वर्षं शहर फक्त अधिकाऱ्यांनी चालवलं. काकांचं स्वप्न.

"आणि पहिल्याच उन्हाळ्यात आधारवरचा पत्ता बदलायचा होता," काकू माझ्याकडे डोळे मिचकावून म्हणाल्या. "त्या फॉर्मवर सही लागते. खासदार, आमदार, नगरसेवक, नाही तर राजपत्रित अधिकारी. हे फॉर्म घेऊन फिरून राहिले. नगरसेवक कुठं आहेत? माजी! माजीचा शिक्का चालत नाही. शेवटी जुन्या ऑफिसातल्या साहेबाकडे गेले. त्यांनी तीन चकरा मारायला लावल्या. कडक अधिकारी होते ना."

काकांनी पेपर पुन्हा उचलला.

पण त्या चार वर्षांत एक रात्र अशी आली की ती आठवून काकूसुद्धा मस्करी सोडतात. 23 सप्टेंबर 2023. मध्यरात्रीनंतर आभाळ फाटलं. चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं वाट सोडली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरकडचा भाग, सगळीकडे घरात पाणी. माणसं गेली, गुरं गेली, फ्रिज तरंगले, गाड्या एकमेकींवर चढल्या. काकूंची नणंद डागा लेआउटला. पहाटे तिनं फोन केला तेव्हा ती जिन्याच्या सातव्या पायरीवर बसली होती, मांडीवर देव्हाऱ्यातले देव आणि गॅसचं पुस्तक.

"तिनं कोणाला फोन लावला होता माहीत आहे? मला नंतर. पहिला तिच्या नगरसेवकाला. म्हणजे माजी. दीड वर्ष झालं होतं खुर्ची जाऊन, पण नंबर तोच होता, आणि त्यानं उचलला. पहाटे चारला! बोट त्यानं आणली नाही, ती एनडीआरएफनं, सैन्यानं आणली. पण 'ताई, वरच्या मजल्यावर जा, लाइट बंद करा, मी कळवतो' एवढं बोलणारा माणूस होता ना कोणी."

एवढ्यासाठी नगरसेवक ठेवायचा का, असं काका विचारू शकले असते. विचारलं नाही. मी तर म्हणेन, एवढ्यासाठीच ठेवायचा. धरण, पंप, बोटी हे अधिकाऱ्याचं काम. पण आपल्या गल्लीचं नाव ऐकल्याबरोबर कोणतं घर, कोणाकडं म्हातारं माणूस, कोणाचा जिना आतून आहे, हे ज्याच्या डोळ्यांपुढं येतं तो माणूस निवडूनच यावा लागतो. त्याची बदली होत नाही ना कुठं! त्याबदल्यात त्याला मानधन महिन्याला 20 हजार. काका म्हणतात, तेवढ्यात वाढदिवसाचे फ्लेक्स होत नाहीत, मग बाकीचं कुठून येतं ते विचारू नका. आम्ही विचारत नाही. प्रताप नगरात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

निवडणुकीनंतर महापालिकेत नवं सभागृह आलं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडावर एका जड ट्रकनं चेंबरचं झाकण फोडलं. अर्धं झाकण आत पडलं. कोणीतरी त्यात कडुलिंबाची फांदी उभी केली आणि फांदीला लाल ब्लाउजपीस बांधलं. दोन दिवसांनी त्या फांदीसमोर एक उदबत्ती लागलेली काकूंनी पाहिली, तेव्हा त्यांचा धीर सुटला. "उद्या इथं देऊळ होईल, आणि मग तर ते चेंबर कोणी उघडणारच नाही."

तक्रार करायची ठरली. आधी प्रश्न, रस्ता कोणाचा? नागपूरच्या माणसाला हा प्रश्न बाळकडूतून मिळतो. 1936 पासून इथं महापालिकेच्या जोडीला सुधार प्रन्यास आहे. शहरात 572 लेआउट, 1900 लेआउट असे शब्द आहेत, आणि ते लग्नाच्या बोलणीतही येतात. मुलाचं घर 1900 मधलं असेल तर आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळालं का, हे मुलीचा बाप पत्रिकेआधी विचारतो. काकांनी कपाटातून घराची फाइल काढली, चष्मा लावून रेषा पाहिल्या आणि निर्णय दिला, "महापालिकेचं आहे. नगरसेवकांनाच द्या पत्र."

मुंढ्यांचा भक्त, आणि अर्ज नगरसेवकाला! काकू काही बोलल्या नाहीत. नुसतं मला कोपरानं ढोसलं.

काकांचं अक्षर सुंदर. सरकारी नोकरीतली तीस वर्षं त्या अक्षरात उतरलेली. 'विषय' लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग 'प्रति' वर येऊन थांबले. चौघांनाही एकच पत्र, पण पहिलं नाव कोणाचं लिहायचं?

"जागा अ, ब, क, ड अशा आहेत," मी म्हटलं. "त्या क्रमानं लिहा."

"मग 'ड' वाला म्हणेल मला शेवटी टाकलं."

"ज्याला सगळ्यात जास्त मतं पडली त्याचं आधी."

"बाकीचे तिघं म्हणतील मग त्यालाच सांगा."

"बाईचं आधी लिहा," काकू म्हणाल्या. "दोन बाया आहेत."

"दोघींत आधी कोण?"

काकूंनी थोडा विचार केला. "जिचा नवरा फोन उचलत नाही ती."